कंबरलंडच्या अर्लचं मृत्युपत्र

१६०५च्या ऑक्टोबरात लंडनला, सॅव्हॉयजवळच्या डची हाउसमध्ये, कंबरलंडचा तिसरा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड अखेरच्या आजारात पडून होता. वय सत्तेचाळीस. नवराबायको काही वर्षं वेगळे राहत होते, पण शेवटच्या दिवसांत पत्नी मार्गारेट आणि पंधरा वर्षांची मुलगी ॲन त्याच्यापाशी आल्या. तो पश्चात्ताप पावून गेला, असं मुलीने पुढे लिहून ठेवलं आहे. मृत्यूची तारीख ३० ऑक्टोबर. काही दिवस आधीच केलेल्या मृत्युपत्रात त्याने यॉर्कशरमधल्या क्रेव्हनची आणि वेस्टमोरलंडची सगळी वडिलोपार्जित जमीन, किल्ल्यांसकट, धाकटा भाऊ फ्रान्सिस याच्या नावे केली होती. एकुलत्या एका मुलीला १५,००० पौंड. भावाचा पुरुषवंश संपला तर, आणि तरच, जमीन तिच्याकडे यायची.

त्या काळाच्या मानाने यात वेगळं काय, असं कुणीही विचारेल. इंग्लंडातल्या सरदार घराण्यांत मुलींना रोख रक्कम आणि मुलग्यांना जमीन, हा रिवाजच होता. अर्ल ही पदवीही फ्रान्सिसकडे जाणं ठरलेलंच होतं. ती १५२५ साली आठव्या हेन्रीने क्लिफर्ड घराण्याला दिली तेव्हाच पुरुषवंशापुरती दिली होती, आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. वाद होता तो जमिनीचा आणि अर्लपदाहून जुन्या असलेल्या बॅरन या पदव्यांचा. तो पुढे अडतीस वर्षं दोन राजांच्या कारकिर्दीत चालला. त्यात न्यायाधीश पडले, कँटरबरीचा आर्चबिशप पडला, खुद्द राजा पडला, आणि मुलगी हटली नाही. तिच्या रोजनिशीमुळे आणि दप्तरामुळे हे प्रकरण आज इतक्या बारकाईने पाहता येतं. मात्र ते नेहमी तिच्या बाजूने सांगितलं जातं. बापाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न जरा वेगळा उभा राहतो: आपल्या आयुष्यात जमिनीचा समुद्रात चुराडा करणाऱ्या माणसाने मरताना तीच जमीन 'घराण्यासाठी' राखायचा एवढा आटापिटा का केला?

जमीन कुठून आली

वेस्टमोरलंडची जहागीर १२०३ साली जॉन राजाने रॉबर्ट द व्हियूपाँ याला दिली. तिच्यासोबत त्या परगण्याचं वंशपरंपरागत शेरीफपदही मिळालं. तेराव्या शतकात या घराण्याचा पुरुषवंश खुंटला आणि दोन मुली मागे राहिल्या, इझाबेला आणि आयडोनिया. इझाबेलाचं लग्न रॉजर क्लिफर्डशी झालं. म्हणजे ज्या ब्रुअम, ॲपलबी, ब्रो आणि पेंड्रॅगन किल्ल्यांवरून पुढे एवढा वाद माजला, ते क्लिफर्डांच्या घरात आले तेच मुळी एका मुलीच्या वारशाने. क्रेव्हनमधलं स्किप्टन नंतर मिळालं. इझाबेलाचा मुलगा रॉबर्ट याला ते दुसऱ्या एडवर्डने दिलं. हा रॉबर्ट १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत पडला. एडवर्डच्या काळातल्या बंधनानुसार, ज्याला तिकडे एंटेल म्हणतात, जमीन धारकाच्या पोटच्या संततीकडे जायची होती आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद लिहिलेला नव्हता. मुलगा असेल तर मुलगा आधी, हे कायद्याने आपोआप यायचं. पण मुलगा नसेल तर मुलीला वगळून चुलत्याकडे वळायला त्या कागदात वाट नव्हती.

हा कागद जॉर्जच्या वेळी सुमारे तीनशे वर्षांचा झाला होता. मुलग्यामागून मुलगा होत गेल्याने तो कुणाला आठवण्याची गरजही पडली नव्हती.

पाल्य, जावई, दरबारी

जॉर्जचा जन्म ८ ऑगस्ट १५५८ रोजी ब्रुअम किल्ल्यात झाला. तो अकरा वर्षांचा असताना बाप वारला. राजाकडून जमीन धरणाऱ्या सरदाराचा वारस अज्ञान असला की त्याचं पालकत्व राजाकडे जाई आणि राजा ते दुसऱ्याला विकत किंवा बहाल करत असे. पालकाला पाल्याचं लग्न ठरवण्याचा हक्क मिळे आणि त्यातच खरी कमाई असे. जॉर्जचं पालकत्व बेडफर्डचा अर्ल फ्रान्सिस रसेल याच्याकडे गेलं, आणि त्याने स्वतःच्या धाकट्या मुलीशी, मार्गारेटशी, त्याचं लग्न लावून दिलं. २४ जून १५७७, सदर्कची सेंट मेरी ओव्हरी चर्च. त्याच समारंभात जॉर्जच्या बहिणीचंही लग्न झालं. मुलगा एकोणीस वर्षांचाही नव्हता आणि मुलगी जेमतेम सतरा. दोघांच्या पसंतीचा प्रश्न आलाच नव्हता, आणि ते पुढे दिसलंच.

मधल्या काळात तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला. तिथे जॉन व्हिटगिफ्ट, पुढचा कँटरबरीचा आर्चबिशप, त्याच्यावर देखरेख करायला होता. जॉर्जला गणित आणि भूगोल मनापासून आवडत. नकाशांचा हा नाद पुढे बराच महाग पडला.

समुद्र

१५८६ साली त्याने स्वतःच्या खर्चाने पहिली जहाजं धाडली. स्पेनशी युद्ध सुरू झालं होतं. राणी एलिझाबेथ परवाना देई, जहाजं आणि माणसं खासगी धनिकांची असत, आणि शत्रूचं जहाज पकडलं की लुटीचा वाटा ठरलेल्या हिशोबाने सगळ्यांना मिळे. परवाना खिशात असला की चाचेगिरीला अब्रूदार धंद्याचं रूप यायचं. लंडनचे व्यापारी यात पैसे गुंतवत, पण ते सावधपणे, लहान वाट्याने, अनेक जहाजांत विभागून. कंबरलंडच्या अर्लला ते जमत नव्हतं. सरदाराने ताफ्याचा सेनापती म्हणून जायचं तर ताफा सरदाराला शोभेसा हवा. पुढच्या बारा वर्षांत त्याने दहा-बारा मोहिमा काढल्या, काहींत स्वतः गेला, आणि बहुतेकींचा मोठा बोजा स्वतःच्या जमिनीवर घेतला.

१५८८ साली आर्माडाविरुद्ध, म्हणजे इंग्लंडवर चालून आलेल्या स्पेनच्या आरमाराविरुद्ध, तो राणीच्या 'एलिझाबेथ बोनाव्हेंचर' जहाजाचा कप्तान होता. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात स्वस्त मोहीम म्हणायला हवी, कारण जहाज राणीचं होतं.

पुढच्या वर्षी तो अझोर्स बेटांकडे गेला. फायाल शहर घेतलं, खंडणी वसूल केली, बरीच जहाजं पकडली. परतताना वारा फिरला. पिण्याचं पाणी संपत आलं तेव्हा माणशी दोन-चार चमचे पाणी आणि थोडा व्हिनेगर यावर दिवस काढावे लागले. कित्येक माणसं तहानेने मेली, आणि उरलेले कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. या जहाजावर एडवर्ड राइट नावाचा केंब्रिजचा गणिती होता. समुद्रावरच्या नकाशांत आणि दिशा काढण्याच्या रीतीत किती चुका आहेत, ते त्याने या सफरीत प्रत्यक्ष पाहिलं. १५९९ साली त्याने नौकानयनातल्या चुकांवर पुस्तक छापलं आणि ते कंबरलंडला अर्पण केलं. मर्केटरच्या पद्धतीचा नकाशा कसा आखायचा याचं गणित त्यात आहे. अर्लच्या सगळ्या समुद्री खर्चातून जगाला खरोखर काही मिळालं असेल तर ते हे, असं माझं मत. आणि ते त्याच्या हिशोबात कुठेही धरलेलं नव्हतं.

१५९२च्या ऑगस्टमध्ये अझोर्सजवळ इंग्रज जहाजांनी 'माद्रे दे देउश' हे हिंदुस्थानातून लिस्बनला परतणारं अवाढव्य पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यावर मिरी, लवंग, जायपत्री, दालचिनी, रेशीम, सुती कापड, मोती आणि जवाहीर होतं. पकडणाऱ्यांत राणीची, वॉल्टर रॅलीची आणि कंबरलंडची जहाजं होती, आणि कुणाची माणसं आधी चढली यावरून डेकवरच मारामारीची वेळ आली. जहाज डार्टमथला पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही खलाशांनी हाताला लागेल ते लंपास केलं, इतकं की राणीचा मंत्री रॉबर्ट सेसिल याला लंडनहून धावत यावं लागलं. तरीही उरलेल्या मालाची किंमत सुमारे दीड लाख पौंड निघाली. राणीने स्वतःच्या छोट्याशा गुंतवणुकीवर सिंहाचा वाटा घेतला. कंबरलंडला ३६,००० पौंड मिळाले. गुंतवलेले पैसे दामदुपटीच्या आसपास परत आले.

या एका यशाने त्याचं वाटोळं केलं, असं म्हणायला जागा आहे. अपयश येत राहिलं असतं तर माणूस कधीतरी थांबला असता. १५९४ साली त्याच्या तीन जहाजांनी असंच दुसरं पोर्तुगीज जहाज गाठलं, 'सिंको शागाश'. त्याला आग लागली आणि हिंदुस्थानच्या मालासकट, शेकडो माणसांसकट ते बुडालं. वाचलेले मोजकेच. अर्लच्या हाती काही आलं नाही. मग १५९५ साली त्याने डेटफर्डला स्वतःचं भलंमोठं लढाऊ जहाज बांधून घेतलं, 'स्कर्ज ऑफ मॅलिस'. १५९८ साली सुमारे २० जहाजांचा ताफा घेऊन तो कॅरिबियनमध्ये गेला आणि पोर्तो रिकोचं सान हुआन जिंकलं. तीनच वर्षांपूर्वी तिथे ड्रेक हात हलवत परतला होता. एल मोरोचा किल्ला लढून घेणारा इंग्रज सेनापती हा एकटाच. पण शहर राखायचं तर माणसं हवीत, आणि हगवणीने शेकड्यांनी माणसं मेली. दोनेक महिन्यांत तोफा, साखर, आलं आणि कातडी जहाजांवर चढवून तो निघाला. खर्च भरून निघाला नाही. यानंतर तो समुद्रावर गेला नाही.

'स्कर्ज ऑफ मॅलिस' १६०० साली ३,७०० पौंडांना विकलं गेलं. विकत घेतलं नव्याने निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने. कंपनीची सनद त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरची, आणि सनदेत नोंदलेल्या भागधारकांच्या यादीत पहिलं नाव आहे जॉर्ज, कंबरलंडचा अर्ल. जहाजाचं नाव बदलून 'रेड ड्रॅगन' झालं, जेम्स लँकास्टर ते घेऊन १६०१ साली कंपनीच्या पहिल्या सफरीवर निघाला, आणि १६१२ साली सुरतेजवळ सुवाळीच्या बंदरात पोर्तुगीजांशी लढाई झाली तेव्हा टॉमस बेस्टकडे हेच जहाज होतं. त्या लढाईनंतर मुघल दरबारात इंग्रजांचं वजन वाढलं आणि सुरतेच्या वखारीचा पाया पक्का झाला. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांनी जी वखार राखली, तिच्या उभारणीत या कर्जबाजारी अर्लच्या जहाजाचा असा हात आहे. अर्ल मात्र तोवर सात वर्षांपूर्वीच मेला होता, आणि त्याच्या मुलीची केस राजदरबाराच्या दिशेने सरकत होती.

घर

समुद्रावर नसे तेव्हा तो दरबारात असे. १५९० साली सर हेन्री ली निवृत्त झाला आणि जॉर्ज राणीचा चँपियन झाला. राणीच्या राज्यारोहणदिनी घोड्यांवरून भालाझुंजी होत, त्यात तो तिच्या नावाने उतरे. निकलस हिलियर्डने काढलेल्या चित्रात तो ताऱ्यांचं नक्षीकाम केलेल्या चिलखतात उभा आहे आणि टोपीत राणीचा हातमोजा खोवला आहे. त्याचं एक चिलखत आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मुलीने पुढे बापाविषयी लिहिताना लपवाछपवी केली नाही. घोड्यांच्या शर्यती, भालाझुंजी, बोलिंगचे सामने, शिकार या महागड्या खेळांच्या अतोनात हौसेने मिळकत अधिकच झिजली, असं तिने नोंदवलं. आणि चांगल्या स्वभावाची माणसंही मनुष्याच्या दुबळेपणामुळे वाट चुकतात, तसा तो एका उच्चकुलीन स्त्रीच्या नादी लागला, असंही.

मुलं तीन झाली. फ्रान्सिस पाच वर्षांचा होऊन १५८९च्या डिसेंबरात गेला. दुसरा रॉबर्ट, तोही पाच वर्षांचा, १५९१च्या मे महिन्यात गेला. ॲनचा जन्म या दोन मृत्यूंच्या मधला, ३० जानेवारी १५९०, स्किप्टन. रॉबर्ट गेला आणि त्याच वर्षी जॉर्जने भावाच्या बाजूने जमिनीचे कागद करायला सुरुवात केली. ही तारीख महत्त्वाची आहे. १६०५चं मृत्युपत्र म्हणजे मरणाच्या दारात घाईने घेतलेला निर्णय नव्हता. मुलगी दीड वर्षाची होती तेव्हाच तो झाला होता.

लग्नही तोवर मोडल्यात जमा होतं. १६०३ साली नवा राजा जेम्स आणि राणी ॲन ग्राफ्टनला अर्लच्या घरी पाहुणे आले. मार्गारेट तिथे होती, पण घरची मालकीण म्हणून तिला कुणी विचारलं नाही. तेरा वर्षांच्या ॲनने ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

मार्गारेट ही बाई जरा वेगळ्या घडणीची होती. औषधी अर्क काढण्याचा, किमयेचा तिला नाद होता. १५९३ साली तिने स्किप्टनजवळ बीम्सलीला तेरा गरीब स्त्रियांसाठी आश्रम काढला. मुलीच्या शिक्षणासाठी सॅम्युअल डॅनियल हा कवी शिक्षक म्हणून ठेवला. आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने जे केलं ते कोणत्याही वकिलाच्या डोक्यात आधी यायला हवं होतं. तिने सेंट लो निव्हटन या जुन्या कागदांच्या जाणकाराला कामाला लावलं आणि लंडनच्या दप्तरांतून क्लिफर्डांच्या जमिनीचा प्रत्येक कागद जॉन राजापासून खोदून काढायला सांगितलं.

मृत्युपत्रामागचा हिशोब

आता बापाच्या बाजूने. कर्ज डोंगराएवढं होतं. ते फेडायला एकच मोठं उत्पन्न उरलं होतं. एलिझाबेथने १६०१ साली त्याला न रंगवलेलं, न कमावलेलं कापड परदेशी पाठवण्याचा परवाना दिला होता, आणि व्यापाऱ्यांना तो परवाना अर्लकडून विकत घ्यावा लागे. असा परवाना सांभाळायला, दरबारात तो टिकवून धरायला, सावकारांशी बोलायला प्रौढ पुरुष हवा होता. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती जमीन गेली असती तर ती लग्नाबरोबर तिच्या नवऱ्याच्या ताब्यात गेली असती, आणि तो नवरा कोण असेल हे पालकत्वाच्या बाजारात ठरलं असतं. स्वतः जॉर्ज त्याच बाजारातून आला होता. दुसरा मुद्दा, अर्ल ही पदवी भावाकडे जाणारच होती. जमिनीविना अर्ल म्हणजे नुसतं नाव. पदवी आणि जमीन यांची ताटातूट झाली तर घराणं म्हणून काय उरतं? हा विचार त्या काळाच्या चौकटीत अगदीच खोटा नाही.

तिसरा मुद्दा विलक्षण आहे, आणि तो ॲननेच नोंदवला आहे. बापाची ठाम श्रद्धा होती की भावाचा मुलगा निपुत्रिक मरेल आणि जमीन अखेर आपल्या मुलीकडेच येईल. मृत्यूशय्येवरच्या माणसाने स्वतःची समजूत घातली असेल, किंवा बाप वाईट नव्हता हे सांगण्यासाठी मुलीने हे जपलं असेल. काहीही असो, मृत्युपत्रातलं ते शेवटचं कलम नुसतं शोभेचं नव्हतं.

तरीही एक गोष्ट त्याच्या अधिकारात नव्हती. दुसऱ्या एडवर्डच्या बंधनाने बांधलेली जमीन मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. बंधन मोडायचं तर त्यासाठी न्यायालयातून जाणारी खास प्रक्रिया होती, आणि इथे तीही सरळ नव्हती, कारण वंश संपल्यास जमीन परत राजाकडे जायची होती. राजाचा हक्क गुंतलेला असताना जॉर्जने १५९१ साली केलेले कागद पुरे होते का, हाच खटल्याचा गाभा. मार्गारेटने निव्हटनकडून खोदून घेतलं ते नेमकं यासाठी.

नवरा, राजा आणि 'नाही'

फ्रान्सिस चौथा अर्ल झाला आणि स्किप्टनमध्ये बसला. वेस्टमोरलंडची जमीन मात्र लग्नाच्या वेळच्या करारानुसार विधवा मार्गारेटकडे तहहयात होती, म्हणून तिथे त्याला शिरता येईना. १६०६ साली मार्गारेटने मुलीच्या वतीने बॅरन पदव्यांवर दावा सांगितला. मायलेकींचा सगळा जोर वेस्टमोरलंडच्या या पायरीवर उभा होता.

२५ फेब्रुवारी १६०९ रोजी ॲनचं लग्न रिचर्ड सॅकव्हिलशी झालं. दोनच दिवसांत त्याचा बाप वारला आणि तो डॉर्सेटचा तिसरा अर्ल झाला. देखणा, उमदा, आणि पैशाला मुळीच न जुमानणारा. केंटमधलं नोल हे पूर्वजांचं प्रचंड घर त्याने विकून पुन्हा भाड्याने घेतलं होतं, यावरून अंदाज यावा. त्याला जमिनीच्या खटल्यात रस नव्हता, तडजोडीच्या रकमेत होता. फ्रान्सिसकडून रोख रक्कम मिळाली की सध्याची देणी भागतील, एवढंच त्याला दिसत होतं. म्हणजे एका उधळ्या माणसाने गमावलेली जमीन दुसरा उधळा माणूस पुन्हा विकायला निघाला होता. ॲनला तिचा बाप नवऱ्याच्या रूपाने दुसऱ्यांदा भेटला, असंच म्हणावं लागतं.

१६१६च्या आरंभी आर्चबिशपसकट अनेक वजनदार मंडळी तिला समजावायला आली. काहींनी गोड बोलून पाहिलं, काहींनी धाक घातला. तिने सही केली नाही. आईला भेटून येते, म्हणाली. ती ब्रुअमला गेली. २ एप्रिलला किल्ल्यापासून थोड्या अंतरावर रस्त्यात मायलेकींनी निरोप घेतला. पुन्हा भेट झाली नाही. २४ मे रोजी मार्गारेट वारली. त्याच महिन्यात नवऱ्याने दोन वर्षांच्याही आतल्या लेकीला, तिचंही नाव मार्गारेटच, ॲनपासून काढून नेलं. रोजनिशीत तिने लिहिलं की नवरा लंडनमध्ये कोंबड्यांच्या झुंजी, बोलिंग, नाटकं आणि शर्यती यांत रमला आहे, सगळं जग त्याची वाहवा करतं, आणि मी इथे अरण्यातल्या घुबडासारखी. स्तोत्रसंहितेतली ती उपमा तिला सहज आठवली असणार.

आई गेल्यावर वेस्टमोरलंडवर दोन्हीकडून ताबा सांगायची घाई सुरू झाली. चुलत्याची माणसं आणि तिची माणसं यांच्यात त्या उन्हाळ्यात गवत कापण्यावरून हाणामारी झाली. राजाने दोन्ही पक्षांना शांत राहायला सांगितलं आणि प्रकरण स्वतःकडे घेतलं.

१८ जानेवारी १६१७ रोजी व्हाइटहॉलला ॲन आणि डॉर्सेट जेम्स राजासमोर गुडघ्यावर बसले. त्याच्या आधी राणीने ॲनला बजावलं होतं की हे सगळं राजाच्या भरवशावर सोडू नकोस, तो फसवील. राणी स्वतःच्या नवऱ्याविषयी असं सांगते, हे रोजनिशीतलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य. राजाने समजावलं, मग दरडावलं. प्रकरण पूर्णपणे माझ्या निर्णयावर सोपवा, म्हणाला. डॉर्सेट तयारच होता. ॲनने राजाची क्षमा मागून सांगितलं की जिवात जीव असेपर्यंत कोणत्याही अटीवर वेस्टमोरलंड सोडणार नाही. दोन दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. खोलीत चुलता, चुलतभाऊ, नवरा, मोठमोठे न्यायाधीश, सगळे पुरुष, सगळे राजाचा निर्णय मान्य म्हणणारे, आणि सव्वीस वर्षांची ती एकटी नाही म्हणणारी.

१४ मार्चला निवाडा आला. जमीन फ्रान्सिस आणि त्याच्या पुरुषवंशाकडे, त्यानंतर ॲनकडे. तिला भरपाई, जी प्रत्यक्षात नवऱ्याने घेतली: १७,००० पौंड. थोडक्यात, राजाने मृत्युपत्रावर शिक्का मारला. कायद्याच्या मूळ प्रश्नाचा, म्हणजे एडवर्डच्या कागदाचा, निकाल लागलाच नाही. निव्हटनने खोदलेले कागद कपाटात राहिले. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो, पण जेम्सचा विचार कळण्यासारखा आहे. स्कॉटलंडच्या सीमेवरचा प्रदेश एका दरबारी उधळ्याच्या बायकोपेक्षा तिथे राहणाऱ्या अर्लकडे असलेला त्याला बरा वाटला.

वाट पाहणं

डॉर्सेट १६२४ साली वारला. तीन मुलगे तान्हेपणीच गेले होते. मार्गारेट आणि इझाबेला या दोन मुली राहिल्या. वेस्टमोरलंड घरात आणणाऱ्या इझाबेलाचंच नाव धाकटीला मिळालं होतं. १६३० साली ॲनने पेंब्रोकचा अर्ल फिलिप हर्बर्ट याच्याशी दुसरं लग्न केलं, आणि १६३४च्या अखेरीस ते विभक्त झाले. या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती थांबली होती, एवढंच.

फ्रान्सिस जानेवारी १६४१मध्ये गेला. त्याचा मुलगा हेन्री, पाचवा अर्ल, ११ डिसेंबर १६४३ रोजी यॉर्कला वारला. मागे मुलगा नाही, एक मुलगी. जॉर्जची श्रद्धा खरी ठरली आणि जमीन ॲनकडे आली. ती त्रेपन्न वर्षांची होती. गंमत म्हणजे हेन्रीच्या मुलीलाही क्लिफर्डांची मुलगी म्हणून हेच दुःख झालं असणार, पण तिच्या बाजूने कुणी रोजनिशी लिहून ठेवली नाही.

यादवी युद्ध चालू होतं. स्किप्टनचा किल्ला राजाच्या बाजूने लढत होता आणि त्याला तीन वर्षं वेढा पडला. ॲन राजाच्या बाजूची, नवरा पार्लमेंटच्या बाजूचा. ती लंडनमध्ये नवऱ्याच्या बेनर्ड्स कॅसलमध्ये सुरक्षित बसली. तिथे १६४६ साली तिने एक भलंमोठं तीन फळ्यांचं चित्र काढून घेतलं. मधल्या फळीत आईबाप आणि दोघे मुलगे आहेत. प्रसंग १५८९चा, म्हणजे ॲन तेव्हा आईच्या पोटात आहे. डाव्या फळीवर ती पंधरा वर्षांची आहे, बाप गेला आणि वारसा हुकला त्या वयाची. उजवीकडे छप्पन वर्षांची. मधली वर्षं चित्रात नाहीत. दोन्ही नवरे उजवीकडच्या भिंतीवर छोट्या चौकटींत टांगले आहेत. आज हे चित्र केंडलच्या ॲबट हॉलमध्ये आहे.

१६४९ साली ती उत्तरेला गेली आणि पुन्हा दक्षिणेत आली नाही. पार्लमेंटने स्किप्टनच्या भिंती पाडून ठेवल्या होत्या. तिने स्किप्टन, ॲपलबी, ब्रुअम, ब्रो आणि पेंड्रॅगन एकामागून एक उभे केले आणि दारांवर यशया ५८:१२ कोरून घेतलं, ढासळलेलं बांधून काढणाऱ्याचं ते वचन. ॲपलबीत गरीब विधवांसाठी घरं बांधली. वेस्टमोरलंडचं शेरीफपदही तिच्याकडे होतं, इझाबेलाकडे होतं तसंच. आईचा निरोप घेतला त्या जागी खांब उभारून दरवर्षी २ एप्रिलला गरिबांना ४ पौंड वाटायची सोय केली. पण तिला देवी करण्याचं कारण नाही. कुळांवर तिने खंडासाठी वर्षानुवर्षं खटले चालवले आणि एक पैही सोडली नाही. कागदपत्रांचं महत्त्व आईकडून शिकलेली बाई कुळांच्या कागदांतही तितकंच बारीक लक्ष घालत होती. निव्हटनचं दप्तर तिने तीन जाड खंडांत नीट लिहवून घेतलं, प्रती करून ठेवल्या.

बापाचं थडगं मात्र तिने स्किप्टनच्या चर्चमध्ये स्वतः बांधवलं, काळ्या संगमरवराचं, घराण्यांच्या सोयरिकी दाखवणाऱ्या ढालींनी मढवलेलं. त्यावर कुठेही राग नाही.

ती २२ मार्च १६७६ रोजी ब्रुअमला वारली, बाप जिथे जन्मला त्याच किल्ल्यात. जमीन थोरल्या मुलीकडे, मार्गारेटकडे गेली. तिचं लग्न थॅनेटच्या अर्लशी झालं होतं. ती त्याच वर्षी गेली आणि तिचे चार मुलगे एकामागून एक थॅनेटचे अर्ल झाले. त्यांतल्या सर्वांत धाकट्याने, टॉमस टफ्टनने, क्लिफर्ड या बॅरन पदवीवर आजीच्या वारशाने दावा लावला. १६९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मान्य केला. १६०६ साली मार्गारेट क्लिफर्डने जी पदवी मुलीसाठी मागितली होती ती स्त्रीकडून पुढे जाऊ शकते, हे तेव्हा पंच्याऐंशी वर्षांनी ठरलं.